चाहत्याचीही डोप टेस्ट करा!

खेळाडूचं जगणं हल्ली फार कडक झालं आहे. चाचणीच्या यादीत नाव असलेल्या धावपटूला किंवा पैलवानाला रोजच्या दिवसातला एक तास आपण नेमके कुठे सापडू, हे आधी लिहून कळवावं लागतं. त्या तासाला चाचणीवाले आले आणि गडी जागेवर नाही, असं बारा महिन्यांत तीनदा घडलं, तर पोटात औषधाचा कणही गेलेला नसताना बंदी बसू शकते. गडी सापडलाच, तर अनोळखी माणसाच्या डोळ्यांदेखत निदान 90 मिलिलिटर नमुना द्यायचा. तो ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत सीलबंद होतो आणि दहा वर्षांपर्यंत कधीही उघडून तपासता येतो. इतका बंदोबस्त गावजेवणातल्या बुंदीलाही नसतो. आणि हे सगळं ज्याच्या टाळीसाठी चाललेलं असतं, तो चाहता? तो शिरूर कासारच्या बसस्थानकाजवळ टपरीच्या बाकड्यावर बसून, दोन चहा तिघांत वाटून घेत, कोण पुढे जाईल, कोणाचा दम संपला, कोणी गोळ्या खाल्ल्या आणि कोणाचं पदक काढून घ्यावं, याचे निकाल देत असतो. त्याच्या मताला ना नमुना, ना बाटली, ना सील. प्रस्तुत लेखाचं म्हणणं एवढंच की ही तफावत अन्यायाची आहे. खेळात खरी भेसळ चाहत्याच्या मतात आहे, तेव्हा डोप टेस्ट त्याचीही झाली पाहिजे. हे विधान रागाच्या भरात केलेलं नाही. पुरावे आहेत, आणि त्यातले बरेचसे बीड जिल्ह्यातलेच आहेत. नमुने बाहेरून मागवायची फारशी वेळ आली नाही.

पहिला पुरावा भविष्यवाणीचा. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनला राहून आला, आणि मग तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत उतरला. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यातल्या सात उड्या असतात. 2018 मध्ये त्याने गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो 8 मिनिटं 11.20 सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियन धावपटूत आणि त्याच्यात पाच शतांश सेकंदांचं अंतर होतं. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियानेच उचलली होती. आता प्रामाणिकपणे विचारू या: त्या संध्याकाळपर्यंत ‘स्टीपलचेस’ हा शब्द बाकड्यावरच्या किती जणांनी ऐकला होता? पण दुसऱ्या दिवशी सकाळी असा एकही माणूस उरला नाही, की ज्याला हे आधीच ठाऊक नव्हतं. “म्या तवाच म्हणलं व्हतं, ह्यो गडी नाव काढनार.” तवा म्हणजे कवा, असं विचारलं तर उत्तर येतं, “तवाच!” यापुढे तपास जात नाही. इथे दोन बाटल्यांची पद्धत किती उपयोगी पडेल पाहा. शर्यतीआधीचं मत ‘ए’ बाटलीत आणि शर्यतीनंतरचं ‘बी’ बाटलीत. खेळाडूच्या बाबतीत दोन्ही नमुने जुळले की तो दोषी ठरतो. चाहत्याच्या बाबतीत जुळले नाहीत की दोषी. बर्मिंगहॅमच्या वेळी शिरूरची ‘ए’ बाटली उघडली असती तर ती कोरडी ठणठणीत निघाली असती, आणि ‘बी’ बाटलीचं झाकण मात्र बसलं नसतं. 2024 मध्ये हाच साबळे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा आला. महिनाभर आधी त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता, तरी बाकड्याचं निदान झालं की त्याचं पळायचं तंत्रच चुकतंय. हे निदान करणाऱ्या तज्ज्ञमंडळात प्रस्तुत लेखकही येतो. तहसीलचा जिना चढल्यावर या विषयावर बोलण्यापूर्वी त्याला दोन मिनिटं कठडा धरून उभं राहावं लागतं.

कोवळ्या खेळाडूंच्या बाबतीत तर ही भेसळ अधिकच उघडी पडते. बीडच्या सचिन धसचं उदाहरण घ्या. 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत, 6 फेब्रुवारी, दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. 245 धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था 4 बाद 32. तिथून कर्णधार उदय सहारन आणि सचिन यांनी 171 धावांची भागी रचली, सचिनने 96 काढल्या आणि भारत दोन गडी राखून जिंकला. त्या एका दुपारी आपल्याकडच्या मताने किती वळणं घेतली ते मोजण्यासारखं आहे. 32 वर चार गेले तेव्हा, “ह्यांच्यात दम न्हाई, उगंच घेत्यात पोरं.” पन्नास झाल्यावर, “आपल्या बीडचं पानीच येगळं.” 96 वर बाद झाल्यावर, “चार रनांसाठी घाई कामून केली?” 11 फेब्रुवारीला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने 79 धावांनी हरवलं, तेव्हा, “मोठ्या मॅचचा गडी न्हाई त्यो.” म्हणजे जेमतेम एकोणीस वर्षांच्या पोराचा उदय, भरभराट, ऱ्हास आणि निवृत्ती हे सगळं पाच दिवसांत उरकलं, तेंडुलकरला त्यासाठी चोवीस वर्षं लागली होती. या साऱ्या प्रकरणात ज्याची ‘ए’ बाटली खरी ठरेल असा एकच भविष्यवेत्ता आढळतो, आणि तो म्हणजे मुलाचा बाप. त्यांनी तेंडुलकरवरून मुलाचं नाव सचिन ठेवलं. पोराच्या हाती बॅट धरायचं बळ नव्हतं तेव्हा आपलं भाकीत थेट जन्मदाखल्यावर, शिक्क्यासह, नोंदवून ठेवणारा माणूस डोप टेस्टला भीत नाही. बाकीच्यांनी आपापलं भाकीत कुठे लिहून ठेवलं होतं, ते दाखवावं.

गोलंदाजीच्या वादात डोळ्यांची भेसळ दिसते. गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. बॅनरवर चषक लहान, पुढारी मोठे, आणि खेळाडू कुठेच नसतात. अशा स्पर्धेत एखाद्या पोराने सलग तीन दांड्या उडवल्या की समोरचा संघ एका सुरात ओरडतो, “बट्टा टाकतंय! हात बघा, हात!” अंपायर गावातलाच आणि त्याला संध्याकाळी घरी जायचं असतं, तो लघवीला जातो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम असा की चेंडू टाकताना कोपर पंधरा अंशांपर्यंत सरळ झालेलं चालतं. हे पंधरा अंश मोजायला प्रयोगशाळा लागते, अंगावर खुणा चिकटवून चहूबाजूंनी कॅमेरे लावावे लागतात. 1995 मध्ये मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी मुथय्या मुरलीधरनचे चेंडू ‘फेकी’ म्हणून नो-बॉल दिले, त्यावर जग दहा वर्षं भांडलं. शेवटी कॅमेऱ्यांनी तपासलं तेव्हा दिसलं की ज्यांचा हात निर्मळ म्हणून आपण शपथा घेत होतो, त्यांचेही कोपर थोडेफार वाकून सरळ होतात. नुसत्या डोळ्यांना ते कळतच नव्हतं. पण शिरूरमध्ये सीमारेषेबाहेर बाभळीच्या सावलीत बसलेल्या काकांना सोळावा अंश तिथूनच दिसतो. गंमत अशी की तेच पोरगं पुढच्या वर्षी काकांच्या संघात आलं की कोपर आपोआप बरं होतं. “त्याची ॲक्शनच तशी हाय, जन्मापासून.” खेळाडूचा हात कॅमेऱ्याने मोजता येतो. काकांच्या डोळ्याचा कोन किती अंशांनी वाकतो आणि तो कोणत्या गावाच्या दिशेने वाकतो, हे मोजणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही. आमची मागणी नेमकी त्याच यंत्राची आहे.

आता प्रत्यक्ष औषधाच्या प्रकरणाकडे येऊ. कारण इथे चाहत्याची तराजू दोन पारड्यांची नसून दोन वेगळ्या दुकानांतून आणलेली असते. नरसिंग यादव 2011, 2012 आणि 2013 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथान्डायनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने 1 ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. जागतिक संस्थेने अपील केलं आणि 18 ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने कारस्थानाचा खरा पुरावा पुढे आला नाही असं म्हणून चार वर्षांची बंदी घातली. कुस्तीच्या नादाच्या आपल्या मुलखात या निकालावर फार बारकाईने विचार झाला. महाराष्ट्र केसरीचे चाहते म्हणाले, “घात केला पोराचा, सरळ सरळ कारस्थान हाय.” ज्यांना त्याच्या जागी पैलवान सुशील कुमार रिओला जायला हवा होता ते म्हणाले, “म्या सांगितलं व्हतं, त्याचं अंगच बोलत व्हतं.” फायली दोघांपैकी कुणीच पाहिल्या नव्हत्या, टपरीवर फाइल वाचली की चहा गार होतो. यावरून एक सर्वसाधारण नियम निघतो. आपला गडी सापडला तर ते कारस्थान, शेजारच्या तालुक्याचा सापडला तर ती लायकी, परराज्यातला सापडला तर “तिकडं समदेच खात्यात”, आणि परदेशी सापडला तर ते विज्ञान. खेळाडूंच्या बाबतीत कायदा याहून सरळ आहे. तुमच्या अंगात जे सापडलं त्याची जबाबदारी तुमची. कुणी घातलं, कशात घातलं, हे तुम्ही सिद्ध करा. हाच कायदा चाहत्याला लावून पाहा. तुमच्या तोंडात जे मत सापडलं त्याची जबाबदारी तुमची. मेहुण्याने सांगितलं, व्हॉट्सॲपवर आलं, कंडक्टर म्हणत होता, या सबबी चालणार नाहीत. एवढा एक नियम लागू झाला तरी बाकडं निम्मं रिकामं होईल.

यावर पहिला आक्षेप सुशिक्षितांकडून येईल: हे सगळं आपल्याकडच्या अडाणीपणामुळे होतं, पुढारलेल्या देशांत लोक आकडे बघून बोलतात. अमेरिकेतल्या बेसबॉलइतका आकड्यांचा नाद जगात दुसऱ्या कुठल्या खेळाला क्वचितच असेल, तेव्हा हा आक्षेप तिथेच तपासलेला बरा. त्या खेळात पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो आणि बॅटरने तो हवेतूनच मैदानापार घालवला की होमरन होतो. एका मोसमात 61 होमरनचा रॉजर मॅरिसचा 1961 मधला विक्रम 1998 साली मार्क मॅग्वायरने 70 वर नेला, 2001 मध्ये बॅरी बॉन्ड्सने 73 केला. प्रेक्षक नाचले, मैदानं भरली. खेळाडूंचे दंड दर वर्षी जाड होताना साऱ्या देशाला दिसत होते, पण तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. 2007 च्या मिचेल अहवालात 89 खेळाडूंची नावं आली आणि मग सगळ्यांना आठवलं की आपण तेव्हाच म्हणालो होतो. ‘तवाच’ हा प्रकार फक्त बालाघाटाच्या डोंगरात पिकतो असं समजायचं कारण नाही. पुढे सन्मानाचा प्रश्न आला. कूपरस्टाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जायला बेसबॉल पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात आणि दहा वर्षं संधी मिळते. कारकिर्दीत 762 होमरन मारणारा बॉन्ड्स आणि 354 सामने जिंकून देणारा पिचर रॉजर क्लेमेन्स 2022 मध्ये दहाव्या आणि शेवटच्या वेळी अनुक्रमे 66.0 आणि 65.2 टक्क्यांवर अडकले. मात्र त्या काळात या खेळाचे कारभारी असलेले बड सेलिग 2017 मध्येच सन्मानाने आत जाऊन बसले होते. कारभाऱ्याचा सत्कार कधी अडत नाही, हा अनुभव घ्यायला कूपरस्टाउनला जायची गरज नाही. कुठल्याही दूध संघाच्या वार्षिक सभेला गेलं तरी भागतं.

त्याहून भारी प्रकरण चेंडूचं आहे. हँक आरनचा 755 होमरनचा विक्रम मोडणारा बॉन्ड्सचा 756 वा चेंडू मार्क एको नावाच्या कपड्यांच्या व्यावसायिकाने लिलावात साडेसात लाख डॉलर मोजून घेतला आणि त्याचं काय करायचं ते लोकांना विचारलं. पर्याय तीन होते: जसाच्या तसा संग्रहालयाला द्यावा, संशयाची तारांकित खूण उमटवून द्यावा, किंवा रॉकेटमध्ये घालून अंतराळात सोडून द्यावा. पुढारलेल्या देशातल्या लाखो विचारी नागरिकांनी यावर मतं नोंदवली, त्यात रॉकेटवालेही थोडेथोडके नव्हते. सर्वाधिक मतं ताऱ्याच्या बाजूने पडली. तारा उमटवलेला तो चेंडू आज कूपरस्टाउनला आहे; म्हणजे बॉन्ड्स बाहेर आणि त्याचा चेंडू आत. आपल्या विधानसभेत तारांकित प्रश्न असतात, तिकडे तारांकित चेंडू निघाला. उत्तराची वाट मात्र दोन्हीकडे सारखीच पाहावी लागते. तेव्हा शिक्षणाने, आकड्यांनी किंवा डॉलरने ही भेसळ जात नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. शिरूरकरांनी कुणाचं पदक रॉकेटमध्ये घालायची भाषा अजून केलेली नाही, एवढं तरी आपल्या बाजूने नोंदवायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप तरुणांचा. ते म्हणतात, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, हळूहळू चालवून बघता येतं, मग खोटं टिकेल कसं? इतका भाबडा विश्वास मोबाइल कंपन्यांचाही मोबाइलवर नसेल. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत टांग या डावाला चार गुण द्यायचे की नाही यावर वाद पेटला. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या अगदी उंबऱ्याशी, शिवराज राक्षेने खांदे टेकल्याचा निर्णय अमान्य करून पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं. दोन्ही कुस्त्यांचे व्हिडिओ गावागावांत हजारो वेळा पाहिले गेले. निष्पन्न काय झालं? ज्याला खांदा टेकलेला हवा होता त्याला पहिल्याच फेरीत टेकलेला दिसला. ज्याला नको होता त्याने बोटांनी चित्र मोठं करून खांद्याखालून जाणारा उजेड दाखवला. “ही बघ फट!” “ती फट न्हाई, मोबाइलची काच फुटलीया.” आणि काच खरोखरच फुटलेली होती. पूर्वी असा वाद रॉकेल संपलं की मिटायचा. आता बॅटरी संपली तरी शेजारी पॉवर बँक घेऊन बसलेला असतो. मोबाइलने पुरावा वाढवला हे खरं, पण मत त्याच्याही आधी झालेलं असतं.

तिसरा आक्षेप समजूतदार लोकांचा असतो आणि तो सगळ्यात फसवा आहे: बोलू द्या की, बोलण्याने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. कुणाला डोक्यावर घ्यायचं आणि कुणाला विसरायचं, हे शेवटी चाहत्यांच्या हवेवरच ठरतं. पाटोद्याकडचा पैलवान राहुल आवारे 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य घेऊन आला. जिल्ह्याने फेटे बांधले, आणि फेट्याची घडी मोडायच्या आत कुणीतरी म्हणालंच, “पर 61 किलो ऑलिंपिकला नसतंय.” हे म्हणणाऱ्याचं स्वतःचं वजन 90 किलो आणि तेही ऑलिंपिकला नसतं. पण खरा नमुना खाशाबा जाधवांचा. स्टेरॉइड नाही, टांगेचा वाद नाही, लवाद नाही. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकलं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे 1984 मध्ये त्यांचं अपघाती निधन झालं, अर्जुन पुरस्कार 2000 साली मरणोत्तर मिळाला आणि पद्म पुरस्कार तर मिळालाच नाही. अमेरिकेने निदान गोळ्यांचा संशय तरी पुढे केला होता. आपल्याला तेवढंही निमित्त लागलं नाही. बैलगाड्या घरी गेल्या, बैल सोडले, आणि चाहत्यांनी पुढच्या गड्याचं भविष्य सांगायला घेतलं.

आता प्रत्यक्ष नियमावलीबद्दल थोडं. चाहत्याचा पत्ता लिहून घेण्याचा खर्च वाचतो, कारण तो दिवसातले बारा तास एकाच बाकड्यावर सापडतो. ऊसतोडीच्या हंगामात निम्मे चाहते कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले असतात, तेव्हा चाचणीपथकाने कर्नाटकापर्यंत जायची तयारी ठेवावी. तिथल्या कोपीसमोर रात्री शेकोटीला हाच वाद चालू असतो आणि तिथलं मत टपरीपेक्षा शुद्ध निघण्याची शक्यता आहे, कारण दिवसभर मोळ्या वाहिलेल्या माणसाला अंगमेहनत म्हणजे काय ते ठाऊक असतं. खेळाडूंना आजारपणात ठराविक औषधाची जशी लेखी सूट मिळते, तशी सूट खेळाडूच्या आईवडिलांना द्यावी. त्यांना पक्षपात करायचा पूर्ण हक्क आहे. चुलत्यापासून पुढे सूट बंद. बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ‘तवाच’, दुसऱ्यावर ‘आमच्या टायमाला’, तिसऱ्यावर ‘आतली गोष्ट सांगू का’. शिक्षा मात्र अडचणीची आहे. खेळाडूवर बंदी घातली की त्याला मैदान मिळत नाही. चाहत्याला मैदान लागतच नाही. त्याला या टपरीवर चार वर्षांची बंदी घातली तर तो समोरच्या टपरीवर जाऊन, आपल्यावर बंदी कशी कारस्थानाने घातली गेली ते सांगत बसेल.

म्हणूनच शेवटी उपाय आपल्याच मातीतला काढावा लागतो, आणि तो जत्रेच्या हगाम्यात तयार आहे. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत तिथे हलगी घुमत असते, आणि ज्याला एखादा गडी आवडला तो उठून नोट पुढे करतो. कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारतात, इनाम पैलवानाच्या हातात पडतं. एरवी दिवसभर फुकट मतं वाटणारा माणूस खिशात हात घालायची वेळ आली की किती काटेकोर होतो, हे तिथे बघावं. पन्नासची नोट काढण्यापूर्वी तो गड्याची मांडी, मान, दम आणि मागच्या तीन कुस्त्या असा सगळा अभ्यास करतो. मतातली भेसळ काढायला नोटेइतकं दुसरं रसायन नाही. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं. घर गहाण टाकलेल्या माणसाला पैलवानाची टांग बरोबर लागते की नाही यावर भाषण द्यायला सवड कुठली असणार? आपण घर गहाण टाकावं असं कुणी म्हणत नाही. मत मांडायचं असेल तर आधी दहा रुपये डब्यात टाका, एवढंच. जमलेले पैसे तालुक्यातल्या पोरांच्या खुराकाला: दूध, बदाम, तूप, झालंच तर स्पाइकचे बूट. भाकीत असेल तर दहा, पदक काढून घ्यायचा सल्ला असेल तर वीस, आणि “गोळ्या खातो” म्हणायचं असेल तर पन्नास, कारण प्रयोगशाळेची फी याहून पुष्कळ जास्त असते. हिशेब करून पाहिला तर एका आठवडी बाजाराच्या दिवसात मॅटची कुस्ती शिकवणारी तालीम उभी राहील, आणि दिवाळीपर्यंत सिंथेटिक ट्रॅक. यावर शेवटचा आक्षेप कोणता येणार हेही ठाऊक आहे, आणि तो बाकड्याच्या त्या टोकाकडून येईल: मत उधारीवर चालेल का? चालणार नाही. चालेल म्हटलं, तर कापसाची पट्टी आल्यावर देतो या बोलीवर पहिल्याच दिवशी शंभर मतं नोंदली जातील, आणि पट्टी आल्यावर शंभरही जण सांगतील की आपण तसं कधी म्हणालोच नव्हतो.